रोजच्या धांवण्याच्या जोड्याची पारख

शर्यतीच्या जोड्याची पारख करणें सोपें असतें. घड्याळ हा त्याचा परीक्षक. जो जोडा घालून धांवणारा पहिला आला तो जोडा उत्तम, असा निकाल प्रेक्षक, वृत्तपत्रें आणि दुकानदार हे तिघेहि एका क्षणांत देऊन मोकळे होतात. परंतु जो मनुष्य कोणतीहि शर्यत जिंकण्याच्या इच्छेनें नव्हे, तर प्रकृति धड राहावी म्हणून रोज पहांटे रस्त्यावर धांवतो, त्याच्या पायांतील जोड्याचा निवाडा कोणत्या कसोटीवर करावयाचा? तेथें पदक नाहीं, टाळ्या नाहींत, आणि घड्याळाचाहि उपयोग नाहीं. जोडा चांगला होता कीं वाईट, हें कित्येक महिन्यांनंतर गुडघा, पोटरी किंवा टांच सांगते. आणि तोंवर दुकानाची पावती हरवलेली असते.

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं, हें थोड्याशा हिशेबानें ध्यानांत येईल. सावकाश धांवणारा मनुष्य एका किलोमीटरमागें साधारणपणें एक हजार पावलें टाकतो. रोज आठ किलोमीटर धांवणाऱ्याचा प्रत्येक पाय दिवसाकांठीं चार हजार वेळां जमिनीवर पडतो, आणि दर वेळीं जमीन त्याला शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट जोरानें उलट ढकलते. सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या बाबतींत हा भार पावणेदोनशे किलोंच्याहि पुढें जातो. अशा वेळीं हाडें व स्नायू आणि डांबरी रस्ता यांच्यामध्यें दीड-दोन अंगुळें जाडीचा एक थर काय तो उभा असतो. त्या थराचें मोल कसें ठरवावें, याविषयीं गेल्या सव्वाशे वर्षांत मोची, प्रशिक्षक, यंत्रशास्त्रज्ञ, वैद्य आणि संख्याशास्त्रज्ञ यांनीं जो खटाटोप केला, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. आणि जोडा विकत घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो उपयोगीहि आहे.

या इतिहासाचा आरंभ रबरापासून होतो. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व कडाक्याच्या थंडींत कडक होऊन तडकतें. गंधकाबरोबर तापविलें असतां तें टिकाऊ बनतें, हा शोध अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर व इंग्लंडांत टॉमस हॅन्कॉक यांच्या परिश्रमांनीं सिद्ध झाला. गुडइयर यांना अमेरिकन पेटंट मिळालें तें १८४४ सालीं. त्यानंतर कॅनव्हासच्या कापडाला रबरी तळ जोडून हलके बूट निघूं लागले. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत त्यांना ‘प्लिम्सॉल’ हें नांव पडलें. जहाजावर किती माल भरावा याची मर्यादा दाखविणारी रेघ सॅम्युअल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदाच्या चळवळीमुळें १८७६ च्या कायद्यानें आवश्यक ठरली होती. बुटाच्या कापडाचा व रबराचा सांधा झांकणारी पट्टी त्या रेघेसारखी दिसे, म्हणून हें नांव. हाच बूट पुढें जगभर शाळांच्या कवायतीच्या मैदानांवर पोंचला. महाराष्ट्रांत तो ‘कॅनव्हासचा बूट’ म्हणून घरोघरीं परिचित झाला, आणि सुटीच्या दिवशीं त्याला पांढरें फांसून उन्हांत वाळत ठेवण्याचें काम विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं केलें. त्याची पारख एकच होती: फाटला कीं टाकावा.

शर्यतीचा जोडा मात्र निराळ्या वाटेनें वाढला. इंग्लंडांतील बोल्टन गांवचा जोसेफ विल्यम फॉस्टर हा तरुण चर्मकार १८९५ च्या सुमारास तळाला अणकुचीदार खिळे बसविलेले जोडे तयार करूं लागला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरची शर्यत जिंकणारा हॅरोल्ड एब्रहॅम्स याच्या पायांत फॉस्टरचे जोडे होते. जर्मनींतील हेर्झोगेनाउराख या लहानशा गांवीं आडोल्फ व रुडोल्फ डास्लर या भावांनीं याच वर्षीं आपला कारखाना उभारला, आणि १९३६ सालीं बर्लिन येथें जेसी ओवेन्स यानें डास्लरांच्या जोड्यांसह चार सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें भावांत वितुष्ट आलें, व एकाच गांवांत ‘पूमा’ आणि ‘आदिदास’ अशा दोन पेढ्या अनुक्रमें १९४८ व १९४९ सालीं उभ्या राहिल्या. हे सर्व कारागीर निष्णात होते. पण त्यांच्यापुढें प्रश्न एकच होता, शर्यतीचीं कांहीं सेकंदें किंवा मिनिटें जिंकण्याचा. सरावाच्या शेंकडों मैलांसाठीं कोणता जोडा घालावा, हा विचार कोणी फारसा करीत नसे. जुना बूट, कॅनव्हासचा बूट, जें असेल तें चाले.

किंबहुना जोडा हवाच कशाला, असाहि प्रश्न कोणी केला असता तर तो वावगा ठरला नसता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत १९१९-२० च्या सुमारास उतरणारे बरेचसे तरुण शेतकरी घरांतील होते, व अनवाणी धांवण्याचीच त्यांना संवय होती. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं त्यांचा दम पाहिला, आणि त्यांच्या पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठीं हिंदुस्थानचा संघ रवाना झाला. त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं तेथें मॅरेथॉनची दौड दोन तास एकावन्न मिनिटांच्या आंत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. मातीच्या वाटेवर वाढलेला पाय काय करूं शकतो, याचें हें बोलकें उदाहरण होय.

पण माती निराळी आणि फरसबंद रस्ता निराळा. हा भेद प्रथम ज्यांच्या तळपायांना कळला त्यांत जपानचा शिझो कानाकुरी याची गणना केली पाहिजे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें तो ‘ताबी’ नांवाचे, अंगठ्यापाशीं दुभागलेले जपानी कापडी जोडे घालून मॅरेथॉन धांवला. उकाड्यामुळें त्याला दौड अर्धवट सोडावी लागली. कापडी तळाचा टिकाव कठीण रस्त्यावर लागत नाहीं, हा अनुभव त्यानें मनांत ठेवला, आणि मायदेशीं परतल्यावर तोक्यो येथील हारिमाया या ताबी शिवणाऱ्या दुकानाशीं मिळून त्यानें ताबींत सुधारणा घडवून आणल्या. त्यांतूनच रबरी तळाची ताबी तयार झाली. हिरोशिमा प्रांताचा शिगेकी तानाका १९५१ सालीं बॉस्टनची मॅरेथॉन जिंकला तो असेच दुभागलेले जोडे घालून. धांवणारानें दुकानांत बसून, आपल्या पायाची तक्रार कारागिराच्या कानीं घालून, जोडा सुधारून घ्यावा, ही पारखीची सर्वांत जुनी आणि आजहि न मोडलेली रीत होय.

नंतर १९६० सालीं रोमच्या रस्त्यांवर इथिओपियाचा शिपाई अबेबे बिकिला अनवाणी धांवला, आणि दोन तास पंधरा मिनिटें सोळा सेकंदांत मॅरेथॉन जिंकून त्यानें जगाला थक्क केलें. चार वर्षांनीं तोक्योला तोच बिकिला जोडे घालून धांवला, पुन्हा जिंकला, आणि या वेळीं तीन मिनिटें आधीं पोंचला. आतां यावरून काय अनुमान काढावें? पहिल्या विजयावरून जोडा व्यर्थ ठरतो, तर दुसऱ्यावरून आवश्यक. वस्तुतः दोन्ही अनुमानें कच्चीं आहेत. कारण दोन्ही वेळां जिंकला तो बिकिला. विजेत्याच्या पायांकडे पाहून जोड्याची परीक्षा करूं नये, हा धडा तेव्हांच शिकण्यासारखा होता. पण जाहिरातींच्या जगानें तो आजवर शिकलेला नाहीं.

रोजच्या जोड्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें उत्पन्न झाला तो सामान्य गृहस्थ धांवूं लागला तेव्हां. याचें श्रेय बऱ्याच अंशीं न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड यांना आहे. लिडियर्ड हे ऑकलंड येथील जोड्यांच्या कारखान्यांत काम केलेले गृहस्थ. आठवड्याला शंभर मैलांचा सराव ही त्यांची पद्धति. रोमच्या त्याच ऑलिंपिकमध्यें त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, एकाच दिवशीं सुवर्णपदकें जिंकले. परंतु लिडियर्ड यांचें मोठें कार्य निराळेंच होतें: उतारवयाच्या व हृदयविकार झालेल्या माणसांनाहि त्यांनीं हळूहळू धांवावयास शिकविलें. अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडांत गेले, तेव्हां आपल्याहून वयानें मोठी माणसें आपल्याला मागें टाकून टेकडी चढत आहेत, हें पाहून ते खजील झाले. परत आल्यावर त्यांनीं गांवकऱ्यांना मैदानावर बोलाविलें, आणि १९६७ सालीं डॉ. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांसह ‘जॉगिंग’ हें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. लाखों लोक धांवूं लागले, आणि त्यांच्यासाठीं योग्य जोडाच अस्तित्वांत नव्हता.

बोवरमन यांची पारखण्याची रीत कारागिराची होती. ते स्वतः जोडे शिवीत, आपल्या विद्यार्थ्यांना घालावयास देत, आणि झिजलेले परत आणून कापून पाहत. त्यांचा हिशेबहि मोठा सरळ असे. सहा फुटांची ढांग धरली तर एका मैलांत ८८० पावलें पडतात. म्हणून जोड्याचें वजन एक औंस कमी केलें, कीं मैलागणिक ८८० औंस, म्हणजे पंचावन्न पौंड कमी उचलावे लागतात. पण केवळ हलकेपणा पुरा पडत नाहीं, हें त्यांना लौकरच कळून चुकलें. त्यांचा शिष्य केनी मूर याच्या पायाच्या पुढल्या भागांतील हाड सरावांत तडकलें. मूर त्या वेळीं जपानी ओनित्सुका पेढीचा जो जोडा घालून धांवत होता, तो बोवरमन यांनीं मागून घेतला व कापून उघडला. तो लांब पल्ल्याच्या धांवण्यासाठीं बनलेलाच नव्हता. कमानीला आधार नाहीं, टांचेखालीं गादी नाहीं. दोष हेरून बोवरमन यांनीं टांचेपासून बोटांपर्यंत सलग मऊ थर असलेला जोडा योजला, व तो १९६८ च्या सुमारास ‘कोर्टेझ’ या नांवानें बाजारांत आला. रोज मैलोगणती धांवणाऱ्याला दुखापत होऊं नये, या एकाच हेतूनें आंखलेल्या आरंभींच्या जोड्यांपैकीं हा एक. याच बोवरमन यांनीं व फिल नाइट यांनीं पांच-पांचशें डॉलर घालून १९६४ सालीं काढलेली लहानशी पेढी पुढें ‘नायकी’ या नांवानें जगप्रसिद्ध झाली.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास बुटाच्या मधल्या थरासाठीं एक नवा पदार्थ आला: इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजेच सुटसुटीत भाषेंत ‘ई. व्ही. ए.’. हा फेंसाळ पदार्थ असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांनीं भरलेला असतो. पाऊल पडलें कीं बुडबुडे दबतात, उचललें कीं फुगतात. तो रबराहून पुष्कळ हलका. त्यामुळें मऊपणा आणि हलकेपणा यांची जोडी प्रथमच जमली. कारखानदारांची गर्दी झाली, दरसाल नवे नमुने निघूं लागले, आणि गिऱ्हाईक गोंधळून गेलें. कारागीर व धांवणारा यांची समोरासमोरची ओळख संपली. आतां मधें एक तिसरा परीक्षक हवा होता.

ही उणीव ‘रनर्स वर्ल्ड’ या मासिकानें भरून काढली. १९६६ सालीं कॅन्ससमधील एका तरुण विद्यार्थ्यानें काढलेलें हें पत्र दहा वर्षांत धांवणाऱ्यांचें प्रमाणग्रंथ होऊन बसलें. त्यानें जोड्यांना क्रमांक देण्यास आरंभ केला: हा पहिला, हा दुसरा, हा दहावा. परिणाम असा झाला कीं, ज्याला पहिला क्रमांक मिळे त्याचा जोडा दुकानांत पुरत नसे, आणि ज्याचा क्रमांक घसरे त्याच्या मालावर धूळ बसे. एवढी सत्ता हातीं आल्यावर कसोटीहि निर्दोष हवी. म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांतील प्राध्यापक पीटर कॅव्हनाग यांच्या प्रयोगशाळेंत जोडे यंत्रावर तपासले जाऊं लागले. त्या धर्तीवर पुढें स्थिर झालेल्या अमेरिकन प्रमाण-चांचणीचें स्वरूप समजण्यास सोपें आहे. सुमारें साडेआठ किलो वजनाचा दांडा पांच-सहा सेंटिमीटर उंचीवरून बुटाच्या टांचेवर सोडतात, आणि तळाशीं किती जोराचा धक्का पोंचला तें मोजतात. याशिवाय बूट वांकविण्यास किती बळ लागतें, तळ किती घासतो, टांच किती डळमळते, हेंहि पाहतात. तरीसुद्धां दोन जोड्यांतील अगदीं अल्प फरकावरून एकाला पहिला व दुसऱ्याला आठवा ठरविणें अन्यायाचें आहे, अशी कारखानदारांची तक्रार राहिलीच, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. अखेर क्रमांक जाऊन त्यांच्या जागीं तारे आले.

यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्याला जेवढें विचारावें तेवढ्याचेंच तें उत्तर देतें. कॅव्हनाग यांनीं आपले सहकारी लाफॉर्च्यून यांच्यासह १९८० सालीं सतरा धांवपटूंना दाबमापक फळीवर धांवावयास लावलें, तेव्हां कोणी टांचेवर उतरतो, कोणी पावलाच्या मध्यावर, आणि दोघांच्या धक्क्याचें स्वरूप भिन्न असतें, हें स्पष्ट दिसलें. यंत्राचा दांडा मात्र सर्वांसाठीं एकसारखाच पडतो. याहून बोलका पुरावा १९८५ सालीं न्यू ऑर्लिन्स येथील ट्युलेन विद्यापीठाच्या संशोधकांनीं पुढें मांडला. यंत्रानें जोडे झिजविले असतां पन्नास मैलांतच त्यांची धक्का शोषण्याची शक्ति तीन-चतुर्थांशावर आली, शंभर ते दीडशें मैलांनंतर सदुसष्ट टक्क्यांवर, आणि अडीचशें ते पांचशें मैलांच्या दरम्यान साठ टक्क्यांच्याहि खालीं गेली. तेच जोडे प्रत्यक्ष माणसांनीं घालून धांवले, तेव्हां दीडशें मैलांनंतर ऐंशीं व पांचशें मैलांनंतर सत्तर टक्के शक्ति शिल्लक होती. म्हणजे पायांतला जोडा यंत्राखालच्या जोड्यापेक्षां अधिक टिकला. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती: वरून नवा दिसणारा जोडा आंतून कधींच म्हातारा झालेला असतो. तळाची नक्षी शाबूत आहे म्हणून बुटावर विश्वास टाकणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास दुकानांत एक नवें शास्त्र रूढ झालें. ओल्या पायाचा ठसा कागदावर उमटवावयाचा. कमान उंच असेल तर मऊ गादीचा जोडा, मध्यम असेल तर आधाराचा, आणि पाय सपाट असून आंतल्या बाजूस कलत असेल तर कडक, कल रोखणारा. विभागणी इतकी नीटनेटकी होती कीं तिच्यावर कोणाचाहि विश्वास बसावा, आणि तीसएक वर्षें तो बसलाहि. परंतु ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ सालीं सर्व वाङ्मय धुंडाळलें, तेव्हां उंच टांचेचा, गादीचा व कल रोखणारा जोडा दिल्यानें दुखापती कमी होतात असें दाखविणारा एकहि नियंत्रित प्रयोग त्यांना आढळला नाहीं. ज्या उपायाची शिफारस वैद्य, प्रशिक्षक आणि विक्रेते इतकीं वर्षें करीत होते, त्याची परीक्षाच कोणी घेतली नव्हती.

ती परीक्षा अमेरिकन सैन्यानें घेतली. नव्यानें भरती झालेल्या हजारों शिपायांचे दोन गट पाडण्यांत आले. एका गटाला पायाचा ठसा पाहून त्यानुसार जोडे दिले. दुसऱ्या गटाला ठसा कसाहि असो, सरसकट एकाच प्रकारचे. भूदल, विमानदल व नाविक शिपायांचें मरीन दल या तिन्ही ठिकाणचे प्रयोग २००९ व २०१० सालीं प्रसिद्ध झाले, आणि तिन्हींचा निष्कर्ष एकच निघाला: दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. किमतीचीहि तीच कथा. स्कॉटलंडांतील डंडी येथें तीन कारखान्यांचे स्वस्त, मध्यम आणि महाग जोडे तपासून पाहिले असतां, तळपायावरील दाब कमी करण्यांत स्वस्त व मध्यम जोडे महागाइतकेच समर्थ ठरले. हें संशोधन २००८ सालचें. अधिक पैसे मोजले म्हणजे पाय अधिक सुरक्षित, ही मध्यमवर्गीय गृहस्थाची समजूत त्यानें डळमळीत केली.

एक मत ढांसळलें कीं लोक उलट्या टोंकाला धांवतात. गाद्या व्यर्थ, तर मग जोडाच नको, असा पंथ निघाला. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं दाखवून दिलें कीं, लहानपणापासून अनवाणी धांवणारे लोक बहुधा पावलाच्या पुढल्या भागावर उतरतात व टांचेचा पहिला धक्का टाळतात. हें निरीक्षण मोलाचें होतें. परंतु त्यावरून बाजारानें भलतेंच अनुमान काढलें. पांच बोटांच्या हातमोज्यासारखे पातळ जोडे खपूं लागले, आणि आयुष्यभर बूट वापरलेल्या माणसांनीं ते घालून एकदम मैलोगणती धांवण्यास सुरुवात केली. अनेकांच्या पावलांनीं व पोटऱ्यांनीं ती घाई सोसली नाहीं. असे जोडे विकणाऱ्या व्हिब्रम पेढीवर आरोग्यविषयक दाव्यांबद्दल अमेरिकेंत खटला झाला, व २०१४ सालीं तिनें साडेसदतीस लक्ष डॉलरांची तडजोड केली. पुण्याच्या मैदानावरील अनवाणी मुलांचा पाय जन्मापासून घडला होता. तो दुकानांत मिळत नाहीं.

मग कशावर भरंवसा ठेवावा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत अलीकडे लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशांतील संशोधकांनीं मोठी चिकाटी दाखविली आहे. त्यांनीं बाहेरून अगदीं एकसारखे दिसणारे, पण आंतील थर कमीअधिक कठीण असलेले जोडे बनवून घेतले, आणि कोणाला कोणता मिळाला हें धांवणाऱ्यांना कळूं दिलें नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २४७ जणांवरील पहिल्या प्रयोगांत कांहींच फरक दिसला नाहीं. परंतु ८४८ जणांवरील मोठ्या प्रयोगांत, २०२० सालीं, कठीण जोडे घालणाऱ्यांना दुखापतीचा धोका सुमारें दीडपट आढळला. आणि नवल असें कीं मऊ जोड्याचा लाभ जड शरीराच्या माणसांना नव्हे, तर हलक्या शरीराच्या माणसांना झाला. जड मनुष्याला जाड गादी हवी, हा सर्वमान्य तर्क येथें फसला. त्यांच्याच आणखी एका पाहणींत २६४ धांवणाऱ्यांवर बावीस आठवडे नजर ठेवली होती. तींत एकाच जोड्यावर विसंबणाऱ्यांपेक्षां दोन-तीन भिन्न जोडे आलटून-पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका एकोणचाळीस टक्के कमी दिसला. प्रत्येक जोडा शरीरावरील भार थोडा निराळ्या जागीं वांटतो, म्हणून असें घडत असावें, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला.

दुसरें उत्तर कॅनडांतील कॅल्गरी विद्यापीठाच्या बेनो निग यांचें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं दोनशेंहून अधिक सैनिकांपैकीं कांहींना सहा प्रकारच्या आंतल्या गाद्यांतून आपल्याला सर्वांत सुखकर वाटेल ती निवडण्यास सांगितलें, व बाकीच्यांना गादी दिली नाहीं. सैनिकांची निवड एकसारखी आली नाहीं. ज्याची त्याची पसंती निराळी. पण आपल्या पसंतीची गादी वापरणाऱ्यांत दुखापती कमी झाल्या. या व अशा इतर अभ्यासांवरून निग यांनीं २०१५ सालीं असें मत मांडलें कीं, प्रत्येकाच्या सांध्यांची हालचालीची एक आवडती वाट असते. जो जोडा त्या वाटेवरून चालूं देतो तो सुखकर लागतो, आणि हें सुखच बहुधा पायाला जपतें. हें मत सर्वांशीं सिद्ध झालेलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२२ सालीं बारा प्रयोग व अकरा हजारांहून अधिक माणसें यांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां अमुक जातीच्या जोड्यानें दुखापत टळते असें ठामपणें म्हणण्याजोगा पुरावा हातीं लागला नाहीं.

इकडे शर्यतीचा जोडा पुन्हा स्वतंत्र मार्गानें निघून गेला आहे. २०१७ पासून अतिशय लवचिक फेंस व त्यांत कार्बनची पातळ पट्टी असलेले जोडे आले. त्यांनीं धांवण्यास लागणारी शक्ति सुमारें चार टक्के वांचते, असें कोलोरॅडो विद्यापीठांतील मोजणींत आढळलें. जागतिक ॲथलेटिक्स संस्थेला २०२० सालीं रस्त्यावरील शर्यतींसाठीं चाळीस मिलिमीटर जाडी व एकच पट्टी अशी मर्यादा घालावी लागली. पण हे विजेत्यांचे जोडे महाग व कमी टिकाऊ. रोजच्या धांवण्यासाठीं ते आंखलेलेच नाहींत. रविवारची पैठणी आणि रोजचें लुगडें यांत जो भेद, तोच येथेंहि.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं व मुंबईची २००४ सालीं सुरू झाली, आणि पन्नाशी-साठीच्या गृहस्थांनीं व गृहिणींनीं पहांटे धांवावयास निघणें ही महाराष्ट्राच्या शहरांत नवलाची गोष्ट राहिली नाहीं. त्यांच्या दृष्टीनें या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येतें. जोडा पायांत घालून दुकानाबाहेर चार पावलें धांवून पाहावा. जो आरंभापासून सुखकर लागतो तो घ्यावा, आणि ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबूं नये. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. वजन हातांत तोलून पाहावें. प्रत्येक पायांतील शंभर ग्रॅम जादा वजनानें श्रम सुमारें एक टक्का वाढतात, हें प्रयोगसिद्ध आहे. परंतु त्या एका टक्क्यासाठीं सुख गमावूं नये. किंमत ही कसोटी नव्हे, आणि विजेत्याचें नांव ही तर मुळींच नव्हे. ऐपत असेल तर एक अतिमहाग जोडा घेण्यापेक्षां दोन मध्यम किमतीचे आलटून-पालटून वापरावे. खरेदीची तारीख लिहून ठेवावी व मैलांचा हिशेब ठेवावा. पांचशें ते आठशें किलोमीटर हा व्यवहारांतील ठोकताळा आहे, पण त्याआधींच पोटरी किंवा गुडघा कुरकुरूं लागला तर त्याचें ऐकावें. नव्या जातीचा जोडा घेतला असतां अंतर हळूहळू वाढवावें.

मोच्यानें हातानें पारखलें, प्रशिक्षकानें कापून पारखलें, शास्त्रज्ञानें यंत्राखालीं ठेवून पारखलें, आणि संख्याशास्त्रज्ञानें हजारों शिपायांच्या पायांत घालून पारखलें. प्रत्येकानें कांहीं तरी खरें सांगितलें, कोणींहि सर्व सांगितलें नाहीं. या साऱ्या प्रवासानंतर शास्त्र ज्या जागीं येऊन ठेपलें आहे, ती जागा मराठी माणसाला अपरिचित नाहीं: ज्याचें जळतें त्याला कळतें. फरक एवढाच कीं, पूर्वीं ही म्हण दुःखाच्या बाबतींत वापरीत. आतां दुःख होण्यापूर्वींच आपल्या पायाचें म्हणणें कान देऊन ऐकावें, एवढा शहाणपणा त्यांत मिळवावयाचा आहे.